पासंग

दापोलीत रद्दीवाल्याचा काटा तपासायला गेलो,
तेव्हा ते पुस्तक काट्यावरच होतं,
जुन्या गाइडांच्या गठ्ठ्यात.
कव्हर नाही. पहिली सोळा पानं नाहीत.
कवीचं नाव त्या सोळा पानांबरोबर गेलं.
मोहल्ल्यातल्या कुणाच्या मामाने बोटीवरून आणलं असेल,
बाल्टिमोर की कुठून. काय वाचायचा तो, कोण जाणे.
दोनशे दहा ग्रॅम भरलं. काटा बरोबर होता.
पैसे दिले. पावती मागितली नाही,
नोकरीत पहिल्यांदाच.

शेवटच्या पानावर त्याची माहिती, अकरा ओळी.
अमेरिकन. नदीच्या मुखावरच्या एका गावात
वजनमापांचा निरीक्षक, एकतीस वर्षं.
मी उभ्यानेच परत वाचलं. निरीक्षक.
त्याच्या पिढीतले बाकीचे पॅरिसला गेले,
कॅफेत बसून त्यांनी जुनी कविता मोडली.
हा मिठाच्या गोदामांतून पितळी वजनं घेऊन फिरला
आणि जप्तीच्या फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहीत राहिला.
बायकोला वाटे, ऑफिसचं काम.
(माझ्या बायकोला अजून वाटतं.)

त्याच्या कवितेत विशेषणं नाहीत.
आधी मला वाटलं, छापायची राहिली.
चंद्र आहे, पण नुसता चंद्र.
बाप मरतो त्या कवितेत
बाप मरतो, आणि कुणीतरी किटली उतरवून ठेवतं.
मी शाळेत पाठ केलेल्या कवितांत
पारड्यावर कुणाचा तरी अंगठा होता
हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं.

भाषांतर करायला घेतलं. माझं इंग्रजी
परिपत्रकापुरतं. डिक्शनरी मुलीची.
एक कविता सात ओळींची:
धक्क्यावर रिकामा तराजू,
वाऱ्याने हलणारी पारडी,
आणि भरती संपून ओहोटी लागण्याआधीचं पाणी,
जे कुठेच जात नाही.
त्या पाण्याला त्याच्याकडे एक शब्द आहे. एकच.
माझ्याकडे सहा झाले.
सहा म्हणजे भेसळ.

हर्णैला, लिलावाच्या आधी,
रघू पावसे तांडेल जाळं सांधत बसले होते. विचारलं.
त्यांनी उधाण सांगितलं, भांग सांगितला, सुकती सांगितली,
कुठल्या तिथीला पाणी कधी फिरतं
ते बोटांच्या पेरांवर मोजून दाखवलं.
आणि ते मधलं?
सुई हातात तशीच राहिली.
'त्याला नाव नाय. तवा आमी बोलत नाय.'

चार पावलांवर सुंद्रा चोगलेचा तराजू.
उचलला. डाव्या पारड्याखाली
मेणाने चिकटवलेली कालवाची शिंपली.
पासंग. नियमात बसत नाही.
शिंपली काढली की दांडी कलते,
लावली की सरळ.
कुणाला फसवायला नव्हे, तराजूची जन्माची खोड भरून काढायला,
तिच्या सासूने लावलेली.
'लिवा सायेब काय ते,' म्हणाली,
'तवर बांगडे कावळे नेतील.'

मी फॉर्म काढला. तारीख घातली.
मग फॉर्म उलटा केला.

सात ओळी झाल्या, उभ्या उभ्याच, बोनेटवर कागद ठेवून.
त्या शब्दाच्या जागी काही लिहिलं नाही,
शिंपलीएवढी जागा सोडली.
त्याला हे पटलं असतं का, माहीत नाही.
तो कडक होता, अकरा ओळींतही कळतं.
तराजूचं काय केलंत, हे वरून विचारतील तेव्हा बघू.

मागे लिलावाचा गलका सुरू झाला.
नांगरलेल्या होड्यांनी
एकेक करून तोंडं फिरवली.